मेंढ्यांच्या मुलखातली प्रेमकथा

प्रेमकथेला अडचण लागते. ती नसेल तर पहिल्याच प्रकरणात पंगत बसेल आणि लेखकाला लेखणी खाली ठेवावी लागेल. आपल्या कादंबऱ्यांत ही अडचण बहुधा माणसांच्या रूपाने येते. कधी करारी वडील, कधी श्रीमंत मामाची मुलगी, कधी जातीचा अभिमान. ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत घडणाऱ्या प्रेमकथा मी गेली कित्येक वर्षे आवडीने वाचत आले आहे. त्यांतली अडचण मात्र निराळी. नायकाला नायिका आवडते, नायिकेला नायक आवडतो, वडीलधारी मंडळी शेकडो मैल दूर असतात. तरीही गोष्ट तीनशे पाने चालते. ती चालते एका साध्या प्रश्नावर: तिने इथे का राहावे?

हे ‘इथे’ म्हणजे कुठे, ते आधी नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. तिकडे गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या विस्तीर्ण रानाला ‘स्टेशन’ म्हणतात. त्याचा आगगाडीशी काही संबंध नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातले ॲना क्रीक नावाचे एकच स्टेशन जवळजवळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढे आहे. सगळीच रानं एवढी अवाढव्य नसतात. पण शेजारी म्हणजे दहा-वीस मैलांवरचा, आणि गाव म्हणजे एक रुंद रस्ता, एक टपालकचेरी, एक सभागृह आणि एक दारूचे हॉटेल. दूरच्या मुलखात डॉक्टर विमानाने येतो. ही ‘उडत्या डॉक्टरां’ची सोय १९२८ साली क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी या गावाहून सुरू झाली. मुलांना शाळा घरबसल्या रेडिओवर मिळू लागली ती १९५१ साली, ॲलिस स्प्रिंग्जहून. ऋतूसुद्धा आपल्या उलट! नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, आणि आपण पणत्या लावत असतो तेव्हा तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात कापणीची यंत्रे शेतात उतरत असतात. अशा ठिकाणी एखाद्या मुलीने आपली पेटी उतरवून घ्यावी आणि जन्म काढावा, तो कशाच्या जोरावर?

हा प्रश्न कादंबरीकारांनी शोधून काढलेला नाही. तो त्या देशाच्या जन्मापासूनचा आहे. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंड-आयर्लंडहून तिकडे सुमारे १ लाख ६२ हजार कैदी धाडण्यात आले. त्यांत स्त्रिया सुमारे २५ हजार. पुढे मोकळे लोक येऊ लागले तरी रानात पुरुषच फार. मेंढपाळाच्या झोपडीत वर्षानुवर्षे बाईचा शब्द ऐकू येत नसे. आणि दुसरीकडे, काम मिळेल या आशेने जहाजातून आलेल्या एकट्या-दुकट्या मुली सिडनीच्या रस्त्यांवर उघड्यावर झोपत होत्या.

या दोन टोकांची गाठ घालणारी बाई हिंदुस्थानातून गेली होती, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. कॅरोलिन चिझम हे तिचे नाव. तिचा नवरा कंपनी सरकारच्या मद्रासच्या फौजेत अधिकारी होता. मद्रासला तिने १८३४ साली गोऱ्या शिपायांच्या मुलींसाठी एक शाळा काढली आणि त्यांना हिशेब, स्वयंपाक, घरकाम शिकवले. १८३८ साली ही मंडळी सिडनीला गेली. तिथल्या मुलींची दशा पाहून चिझमबाईंनी गव्हर्नरामागे तगादा लावून १८४१ साली त्यांच्यासाठी निवारा उघडला. पण निवाऱ्यात मुली किती दिवस ठेवणार? बाई ‘कॅप्टन’ नावाच्या आपल्या घोड्यावर बसल्या, मुलींना गाड्यांत घातले आणि वरात निघावी तशा थेट रानात निघाल्या. वाटेतल्या शेतावर एकीला, पुढच्या मळ्यावर दुसरीला काम लावून द्यायचे. पगाराचा करार लेखी करून घ्यायचा. उघड हेतू नोकरीचा. पण पुढे लग्ने जुळणार हे बाईंना पक्के ठाऊक होते, आणि त्या ते लपवीतही नसत. पाच-सहा वर्षांत सुमारे अकरा हजार माणसांची त्यांनी अशी सोय लावली. १९६७ पासून पुढे पंचवीसेक वर्षे ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता. मला वाटते, ग्रामीण ऑस्ट्रेलियातल्या प्रेमकथेचे पहिले प्रकरण या बाईंनी लेखणीशिवाय लिहिले. त्या प्रकरणात मुलीला रानात पोचवलेले आहे. तिला तिथे कसे वाटले, हे सांगायला दुसरी कोणी यावी लागली.

ती आली ती साठ वर्षांनी. माइल्स फ्रँकलिन या नावाने ती लिहीत असे; पाळण्यातले नाव स्टेला. १८७९ साली न्यू साऊथ वेल्सच्या डोंगराळ भागात तिचा जन्म झाला. बालपण मोठ्या रानात, घोड्यांच्या पाठीवर गेले. मग घराची स्थिती उतरली आणि ही मंडळी गोलबर्न गावाजवळच्या लहानशा शेतावर आली. विशीच्या आतच या पोरीने एक कादंबरी लिहायला घेतली. सिडनीच्या प्रकाशकाने ती नाकारली तेव्हा तिने हस्तलिखित हेन्री लॉसन या नामांकित कथालेखकाकडे धाडले. तो इंग्लंडला निघाला होता. त्याने खटपट केली, प्रस्तावना लिहिली, आणि १९०१ साली एडिंबरोच्या ब्लॅकवुड यांनी ‘माय ब्रिलियंट करिअर’ छापली. लेखिका तेव्हा अवघी एकवीस वर्षांची होती.

वरवर पाहता ही प्रेमकथाच. सिबिला मेल्विन ही नायिका पॉसम गली नावाच्या रखरखीत जागी गाईंच्या धारा काढते आहे. बाप दारूच्या आहारी गेला आहे, दुष्काळ पडला आहे, गाई इतक्या अशक्त झाल्या आहेत की बसलेली गाय उचलून उभी करावी लागते. मग आजीच्या घरी तिला जरा बरे दिवस येतात. तिथे हॅरी बीचम भेटतो: उंचापुरा, श्रीमंत, मनाचा सरळ. तो तिला मागणी घालतो. कोणत्याही दुसऱ्या कादंबरीत इथे सनई वाजली असती. सिबिला नकार देते. तिचे अखेरचे उत्तर नकारच. तिला लिहायचे आहे, आणि या रानात बायको होणे म्हणजे काय हे तिने आपल्या आईच्या हातांवर वाचलेले आहे. ‘इथे का राहावे?’ या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर असे की, बायको म्हणून तरी नाहीच.

पुस्तक गाजले आणि लेखिकेला त्रासही झाला. आसपासच्या लोकांना त्यात आपापले चेहरे दिसले; घरची माणसे दुखावली. अखेर तिने पुस्तकाची पुढची आवृत्ती काढू दिली नाही. ते पुन्हा छापले गेले १९६६ साली. ती तेव्हा हयात नव्हती. १९०६ साली ती अमेरिकेला गेली, तिथे कामगार स्त्रियांच्या चळवळीत राबली. मग लंडन, मग पुन्हा मायदेश. लग्न तिने केले नाही. १९५४ साली ती वारली तेव्हा मृत्युपत्र उघडले गेले, आणि काटकसरीने जगलेल्या या बाईने साहित्याच्या पारितोषिकासाठी पैसे ठेवले आहेत, हे लोकांना कळले. १९५७ पासून दिले जाणारे माइल्स फ्रँकलिन पारितोषिक हे आज त्या देशात कादंबरीकाराला मोठ्या मानाचे वाटते.

सिबिलाच्या नकाराला पन्नास वर्षे होत आली तेव्हा एका इंजिनियराने त्याच प्रश्नाला इंजिनियरासारखे उत्तर दिले. नेव्हिल शूट विमाने बांधणारा माणूस. १९४८ साली तो स्वतःचे लहान विमान चालवीत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे गेला आणि दोन वर्षांनी कायमचाच तिकडे राहायला गेला. १९५० साली त्याची ‘अ टाउन लाइक ॲलिस’ आली. पूर्वार्ध मलायातला, जपान्यांच्या कैदेतला. उत्तरार्धात जीन पॅजेट ही इंग्रज मुलगी आपल्या प्रियकराला शोधीत क्वीन्सलँडच्या विल्सटाउन या ओसाड गावी येते. जो हार्मन तिथला गुराखी. प्रेम आहे, लग्नाला कोणाची हरकत नाही. पण गावात काही म्हणजे काही नाही. वयात आलेली प्रत्येक मुलगी शहरात पळालेली आहे.

जीन रडत बसत नाही. तिच्याजवळ वारशाचे पैसे आहेत आणि चामड्याच्या कारखान्यात कारकुनी केल्याचा अनुभव आहे. ती मगरीच्या कातड्याचे जोडे शिवायचे लहानसे काम सुरू करते. मुलींना पगार मिळू लागला, की तो खर्च करायला जागा हवी. म्हणून आइस्क्रीमचे दुकान. मग केस धुण्याची-विंचरण्याची जागा, पोहण्याचा तलाव, सिनेमा. मुली राहिल्या म्हणून मुलगे राहिले, मुलगे राहिले म्हणून लग्ने झाली. प्रेमकथेत अर्थशास्त्र असे बेमालूम मिसळलेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिले. शूटचे म्हणणे थोडक्यात असे: मुलीला दोष देऊ नका, गाव राहण्याजोगे करा.

याच सुमारास या कथांचा धंदाही जोरात सुरू झाला. लंडनची मिल्स ॲन्ड बून ही १९०८ साली निघालेली प्रकाशनसंस्था. तिने १९५५ साली जॉइस डिंगवेल या ऑस्ट्रेलियन बाईंची ‘द ऑस्ट्रेलियन हॉस्पिटल’ छापली आणि तिकडच्या लेखिकांना दार उघडले. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिक्षिका असलेल्या डोरोथी सँडर्स ‘लूसी वॉकर’ या नावाने दुसऱ्या प्रकाशकाकडे लिहीत होत्या. १९७० पासून ब्रिस्बेनच्या मार्गारेट वे यांची भर पडली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पुण्याच्या गल्लीबोळांतल्या भाड्याच्या लायब्रऱ्यांत ही पुस्तके खच्चून भरलेली असत. पोथीसारखे वर्तमानपत्राचे वेष्टन घालून आम्ही ती वाचत असू. घरी विचारले तर ‘इंग्रजी सुधारते’ हे उत्तर तयार! त्यांतला नायक ठरलेला: उन्हाने रापलेला, मोजके बोलणारा, हजारो एकरांचा धनी. नायिका बाहेरून आलेली. कधी परिचारिका, कधी मुलांची शिक्षिका. शेवटच्या पानावर तिला घर मिळे, नवरा मिळे आणि क्षितिजापर्यंतची जमीन मिळे. पण जमीन मिळे ती नवऱ्याच्या हातून. इतक्या सुखाच्या गोष्टीत एवढी एक बाब त्या वयात कोणाच्या लक्षात येते?

ती बाब ठसठशीतपणे पुढे आली १९७७ साली, कॉलीन मॅकलो यांच्या ‘द थॉर्न बर्ड्‌स’मध्ये. जगभर खपलेली ही कादंबरी सर्वांना आठवते ती मेगी आणि पाद्री राल्फ यांच्या निषिद्ध प्रेमासाठी. मी ती दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मला ती एका मृत्युपत्राची गोष्ट वाटली. ड्रॉहेडा हे मेंढ्यांचे विशाल रान मेरी कार्सन ही म्हातारी आपल्या भावाला न देता चर्चला देते, आणि त्यातून सगळे पुढचे रामायण घडते. कष्ट करणारे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात राबते. आणि शेवटी काय उरते? मेगीची मुलगी युरोपात रमते आणि रानाला वारस उरत नाही. १९१५ पासून १९६९ पर्यंतचा हा काळ. राहायला सगळे तयार होते. पण पुढे कोण?

इतिहासानेही तोच प्रश्न विचारला. १९७० साली त्या देशात सुमारे १८ कोटी मेंढ्या होत्या. लोकरीला सरकारी आधाराची किमान किंमत असे. १९९१ साली ती व्यवस्था कोसळली. मेंढ्या कमी झाल्या, लहान गावांतल्या बँका मिटल्या, मागोमाग वर्षानुवर्षांचा दुष्काळ आला. लहान शेतावर एका कुटुंबाचे भागेना. ज्या मुलाला शेत मिळायचे त्याला ते नको होते, आणि जिला हवे होते तिला कोणी विचारीत नव्हते.

नेमक्या या मुहूर्तावर, २००२ साली, रेचल ट्रेझर यांची ‘जिलरू’ आली. स्टेशनावर उमेदवारी करणाऱ्या पोराला ‘जॅकरू’ म्हणतात, पोरीला ‘जिलरू’. रिबेका या नायिकेला बापाची शेती करायची आहे, आणि बापाच्या मते शेती मुलांची. तो तिला घराबाहेर काढतो. ती दुसऱ्यांच्या रानात राबते, शेतकी कॉलेजात शिकते, प्रेमात पडते. घरावर मोठा घाला पडल्यावर परत येऊन बुडणारी शेती सावरते. प्रियकर आहे, चांगला आहे; पण जमीन तो तिला देत नाही. जमीन तिची आहे आणि तो तिच्याकडे येतो! शंभर वर्षांची गोष्ट इथे उलटी फिरली.

मग अशा पुस्तकांची रांग लागली. २००९ या एकाच वर्षी फ्लर मॅक्डोनाल्ड यांच्या ‘रेड डस्ट’मधली तरुण विधवा एकटी स्टेशन चालवू लागली, आणि फिओना पामर यांच्या ‘द फॅमिली फार्म’मधली मुलगी शेतीसाठी बापाशी भांडू लागली. दोन्ही लेखिका पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेतकरी मुलखातल्या; ट्रॅक्टरचा आवाज ऐकतच लिहिणाऱ्या. मुखपृष्ठांवर रुंद कडेची हॅट घातलेली मुलगी, मागे मावळतीचे आकाश, पायाशी मेंढ्या वळणारा केल्पी कुत्रा. टीकाकारांनी नाके मुरडली. शेतावरच्या बायकांनी पुस्तके उचलली. आपलीच गोष्ट कोणी सांगत असेल तर माणूस मुखपृष्ठाकडे बघत नाही.

मलाही या पुस्तकांची ओढ का वाटते, ते सांगून टाकते. माझा एक भाचा तालुक्याच्या गावापासून आठ मैलांवर शेती करतो. विहिरीला पाणी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. स्थळे येतात, चहा-पोहे होतात, आणि चार दिवसांनी निरोप येतो की मुलीला शहर हवे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले होते. लोक हसले, मला हसू आले नाही. पण त्याच घरात माझी भाचीही आहे. पाण्याची पाळी, फवारणीचे माप, बाजारभाव सगळे तिला भावापेक्षा जास्त कळते. महाराष्ट्रात वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क १९९४ च्या कायद्याने मिळाला. तरी या शेताचे पुढे काय, असा विषय निघाला की तिला आत चहा ठेवायला पाठवतात. ‘शेतकऱ्याला मुलगी कोण देणार?’ हे आपण रोज विचारतो. ‘मुलीला शेत कोण देणार?’ हे रिबेकाने विचारले, म्हणून ती मला घरची वाटते.

या सगळ्या कथांत एक माणूस मात्र दाराबाहेर उभा आहे. ज्या जमिनीवर राहावे की न राहावे याचा एवढा खल चालला, ती जमीन आधी कोणाची होती? जीन पॅजेटच्या त्या हवेशीर आइस्क्रीमच्या दुकानातही मूळनिवासींची व्यवस्था निराळी ठेवावी लागते, आणि शूटला त्यात काही खटकत नाही. कॅथरिन सुझना प्रिचर्ड यांनी मात्र १९२९ सालीच ‘कूनार्डू’ या कादंबरीत गोरा स्टेशनमालक आणि तिथेच जन्मलेली मूळनिवासी स्त्री यांचे प्रेम रंगवले. मालक आपले प्रेम कबूल करीत नाही आणि तिचाही नाश करतो, आपलाही. तेव्हा यावर गहजब झाला. मूळनिवासींचा जमिनीवरचा जुना हक्क त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १९९२ साली, माबो खटल्यात.

आता ती बाजू त्या घरच्याच लेखिका लिहीत आहेत. विराजुरी समाजाच्या अनिता हाइस यांनी २०२१ च्या आपल्या कादंबरीला मुखपृष्ठावर विराजुरी भाषेतलेच नाव दिले. त्याचा अर्थ ‘स्वप्नांची नदी’. ती १८५२ च्या गंडगाई गावच्या महापुरापासून सुरू होते. त्या रात्री यारी आणि जॅकी जॅकी या दोन मूळनिवासी पुरुषांनी सालीच्या होड्यांतून साठाहून अधिक माणसे वाचवली, हा खरा इतिहास आहे. कादंबरीची नायिका गोऱ्या मालकांच्या घरी कामाला आहे. मालक दुसऱ्या गावी जातात तेव्हा तिलाही बरोबर नेतात. तिला तिथे प्रेम भेटते. तरी तिचे मन नदीकाठच्या आपल्या माणसांकडे ओढ घेते. आजवरच्या नायिका ‘इथे का राहू?’ असे विचारीत होत्या. ही विचारते, ‘मला माझ्या जागी का राहू देत नाही?’

गोष्ट इथे थांबलेली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ऑस्ट्रेलियाने परदेशी कुशल माणसांसाठी एक परवाना काढला आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही मोठी शहरे सोडून तीन वर्षे दुसरीकडे राहायचे, काम करायचे, मग कायम राहण्याचा अर्ज करायचा. चिझमबाईंच्या गाड्यांऐवजी आता विमाने आली, एवढेच. या वाटेने आपल्याकडच्याही परिचारिका, डॉक्टर, इंजिनियर तिकडच्या लहान गावांत जाऊन पोचत आहेत. एखादी सांगलीची किंवा जळगावची मुलगी तिथल्या इस्पितळात रात्रपाळी करीत असेल. येत्या दिवाळीला भाजणी कुठून मिळवावी या विचारात असेल. आणि गव्हाच्या शेतावरून आलेला कोणी धुळीने माखलेला तरुण बोटाला टाके घालून घेताना तिला विचारीत असेल, ‘तीन वर्षे झाल्यावर तुम्ही जाणार का हो?’

ही कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती लिहिणाऱ्या मुलीने एवढे करावे: त्या तरुणाला उत्तर देण्याआधी तिने शेताच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत ते विचारून घ्यावे, आणि नदीचे जुने नाव काय होते तेही. मग राहायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे. आम्ही वाचक वाट बघायला तयार आहोत.